जर्मनीने शनिवारी सांगितलं आणि रविवारी सबसिडी बंद केली

इलेक्ट्रिक गाड्या बाजाराने आणाव्या की सरकारने ढकलाव्या, हा वाद निघाला की दोन्ही बाजूचे लोक हटकून जर्मनीचं उदाहरण काढतात आणि गंमत म्हणजे दोघांनाही ते आपल्याच बाजूचं वाटतं. एक म्हणतो, डिसेंबर २०२३ मध्ये सबसिडी काढली आणि पुढच्या वर्षी विक्री २७ टक्क्यांनी आपटली, बघा बाजाराच्या भरवशावर राहिलं की काय होतं ते. दुसरा म्हणतो, २०२५ मध्ये खरेदीवर एक पैसा न देता विक्री ५ लाख ४५ हजारांवर गेली, म्हणजे सबसिडीच्या शेवटच्या वर्षापेक्षाही जास्त, मग सरकार हवंय कशाला. आकडे दोघांचेही बरोबर आहेत. पण या दोन आकड्यांच्या मधे काय काय घडलं ते कोणी सांगत नाही, म्हणून हे एकच प्रकरण जरा पसरून लिहायला घेतलंय.

आधी तो शनिवार. १६ डिसेंबर २०२३. रॉबर्ट हाबेक यांच्याकडे असलेल्या अर्थव्यवस्था आणि हवामान मंत्रालयाने पत्रक काढलं की इलेक्ट्रिक गाडीच्या खरेदीवरचा बोनस, ज्याला तिकडे उमवेल्टबोनस म्हणजे पर्यावरण बोनस म्हणायचे, त्याचे अर्ज फक्त १७ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत घेतले जातील. १७ तारीख म्हणजे दुसरा दिवस, रविवार. शोरूम बंद, रजिस्ट्रेशनची ऑफिसं बंद. मंजूर झालेले आणि रविवारपर्यंत आलेले अर्ज निकाली काढू, बाकी राम राम.

आता इथे एक नियम माहीत नसेल तर हा प्रकार किती वाईट होता ते कळत नाही. बोनसचा अर्ज गाडी बुक केल्यावर करता यायचा नाही, गाडी तुमच्या नावावर रजिस्टर झाल्यावरच करता यायचा. म्हणजे बुकिंग, अ‍ॅडव्हान्स, करार, बँकेचं कर्ज सगळं झालंय पण गाडी अजून कारखान्यात किंवा जहाजावर आहे, तर सरकारच्या लेखी तुम्ही कोणीच नाही.

समजा एखाद्या बाईने मे २०२३ मध्ये टॅक्स सोडून ३८ हजार युरोची गाडी बुक केली. त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे ४० हजारांच्या आतल्या गाडीला सरकारचे ४,५०० आणि कंपनीचे २,२५० मिळून ६,७५० युरो सुटायचे. डीलरने डिलिव्हरी नोव्हेंबरला सांगितली, मग ती लांबली, जानेवारीवर गेली. जानेवारीत बोनस कमी होणार हे तिला माहीत होतं, कारण ते आधीच जाहीर झालेलं, सरकारचे ३,००० आणि कंपनीचे १,५०० असे साडेचार हजार राहणार होते, म्हणजे सव्वादोन हजारांचा फटका तिने मनात धरलेला. ठीक आहे, चालतं. आणि मग एका रविवारी उरलेले सरकारी ३,०००ही गेले. तिने काहीही चुकीचं केलेलं नाही, जहाज उशिरा आलं एवढंच. असे किती लोक होते ते मोजत बसण्यापेक्षा महत्त्वाचं हे की त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, ऑफिसातल्या लोकांनी हे पाहिलं, आणि पुढची गाडी घेताना ते हे विसरणार नव्हते.

एवढ्या घाईचं कारण गाड्यांशी संबंधित नव्हतंच. १५ नोव्हेंबर २०२३ ला कार्ल्सरूहच्या घटनात्मक कोर्टाने निकाल दिला की कोरोनासाठी मंजूर झालेलं ६० अब्ज युरोचं न वापरलेलं कर्ज सरकारने हवामान फंडात वळवलं ते घटनाबाह्य आहे. बोनसचे पैसे याच फंडातून जायचे. चान्सलर शोल्त्स, हाबेक आणि अर्थमंत्री लिंडनर यांच्या तीन पक्षांच्या आघाडीला महिन्याभरात बजेटमधलं भगदाड बुजवायचं होतं, आणि जिथे पटकन कापता येतं तिथे कात्री लावली. खरेदीवरची रोख सबसिडी कापायला फार सोपी असते, ना मोठी बिलं बदलावी लागतात ना कुठलं आंदोलन लगेच उभं राहतं. म्हणून तर ती भरवशाची नसते.

मुळात योजना सुरू झाली २०१६ मध्ये, अँगेला मर्केल यांच्या काळात. तेव्हा पूर्ण इलेक्ट्रिक गाडीला ४,००० युरो, निम्मे सरकारचे, निम्मे कंपनीचे. २०२० पर्यंत रस्त्यावर १० लाख इलेक्ट्रिक गाड्या आणायचं टार्गेट त्याच्याही आधीपासून होतं आणि ते वेळेत गाठलं गेलं नाही, २०२१ च्या मध्यावर गाठलं, तेही प्लग-इन हायब्रिड, म्हणजे चार्ज करायची बॅटरी आणि पेट्रोल इंजिन दोन्ही असलेल्या गाड्या, धरून. सुरुवातीची तीन-चार वर्षं योजनेला कोणी फारसं विचारलंच नाही, कारण चार हजार मिळत असले तरी घेण्यासारख्या गाड्याच शोरूममध्ये नव्हत्या. मग २०२० मध्ये कोरोनाच्या पॅकेजात सरकारने आपला वाटा दुप्पट केला, ६,००० सरकारचे आणि ३,००० कंपनीचे, एकूण ९,००० युरो, आणि तिथून विक्रीने उसळी घेतली.

पण त्याच वर्षी आणखी एक गोष्ट सुरू झाली आणि तिची बातमी कधी पहिल्या पानावर आली नाही. युरोपियन युनियनने कंपन्यांना घातलेली सरासरी कार्बन उत्सर्जनाची मर्यादा, प्रति किलोमीटर ९५ ग्रॅम, २०२०-२१ मध्ये लागू झाली. त्यामुळे फोक्सवॅगनपासून रेनोपर्यंत सगळ्यांना एकदम इलेक्ट्रिक मॉडेल विकायची गरज पडली. मग २०२० ची उसळी ९,००० युरोंमुळे की ९५ ग्रॅममुळे? दोन्ही एकदम आलं त्यामुळे वेगळं काढता येत नाही. हा गुंता पुढे २०२५ मध्ये सुटतो, कारण तेव्हा एक गोष्ट होती आणि दुसरी नव्हती.

२०१६ पासून शेवटच्या रविवारपर्यंत साधारण १० अब्ज युरो वाटले गेले आणि अंदाजे २१ लाख गाड्यांना बोनस मिळाला. भागाकार केला तर गाडीमागे पावणेपाच हजारांच्या आसपास. हे पैसे गेले कुठे ते बघितलं तर बाजारवाल्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही हे मान्य करावं लागतं. प्लग-इन हायब्रिड घ्या. कंपन्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना या गाड्या धडाधड दिल्या कारण बोनसही मिळायचा आणि टॅक्सही वाचायचा, पण पेट्रोलचं बिल कंपनी भरणार असेल तर घरी केबल लावायची तसदी कोण घेणार. चार्जिंगची केबल प्लास्टिकच्या पिशवीतून न काढताच गाडी लीज संपल्यावर परत आली, हे किस्से तिकडे वर्षानुवर्षं सांगितले जायचे. २०२२ संपताच प्लग-इनचा बोनस बंद केला आणि त्यांची विक्री ३ लाख ६२ हजारांवरून थेट पावणेदोन लाखांवर आली. निम्म्याहून कमी. म्हणजे एवढ्या लोकांना ती गाडी नको होती, बोनस हवा होता.

दुसरी गळती त्याहून मजेशीर. बोनस घेऊन गाडी फक्त सहा महिने स्वतःकडे ठेवायची अट होती. मग हुशार लोकांनी आणि काही डीलर मंडळींनी हिशोब मांडला की जर्मनीत नऊ हजार सुटीने घ्या, सहा महिने चालवा आणि डेन्मार्कसारख्या देशात जवळपास नव्याच्या भावात विका. जर्मन करदात्याने दुसऱ्या देशाच्या रस्त्यावरची गाडी स्वस्त केली. २०२३ पासून अट बारा महिन्यांची केली, म्हणजे वरातीमागून घोडं.

तिसरी गोष्ट आकड्यात पकडणं अवघड आहे पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बोनस किती आहे हे गाडी विकणाऱ्याला माहीत असतं. त्यामुळे तो किंमत ठरवताना ते धरूनच ठरवतो. जानेवारी २०२३ मध्ये बोनस कमी झाला त्याच महिन्यात टेस्लाने आपल्या गाड्यांच्या किमती मोठ्या प्रमाणात उतरवल्या. आणि डिसेंबरमध्ये सरकारने हात वर केल्यावर फोक्सवॅगन, स्टेलँटिस, मर्सिडीज, टेस्ला या सगळ्यांनी थोड्याच दिवसांत सांगितलं की ज्यांची बुकिंग अडकली त्यांचा सरकारी वाटा आम्ही देऊ, प्रत्येकाच्या अटी आणि मुदती वेगळ्या पण दिला. चांगुलपणा म्हणा, पण कंपनीला साडेचार हजार सोडायला परवडत असतील तर किमतीत तेवढी हवा आधीपासून होती असा संशय येणारच ना.

आता महिन्यामहिन्याचे आकडे. फ्लेन्सबुर्गचं वाहन खातं, केबीए, दर महिन्याला रजिस्ट्रेशन जाहीर करतं. डिसेंबर २०२२, म्हणजे बोनस घटायच्या आधीचा शेवटचा महिना, १ लाख ४ हजार इलेक्ट्रिक गाड्या. जानेवारी २०२३, १८ हजार. मग १ सप्टेंबर २०२३ पासून कंपन्यांना बोनस मिळणार नव्हता, फक्त खासगी ग्राहकांना, तर ऑगस्टमध्ये ८६ हजारांवर गेलं आणि सप्टेंबरमध्ये ३१ हजारांवर आलं. लोकांना इलेक्ट्रिक गाडी आवडायला लागली आणि पुढच्या महिन्यात नावडायला लागली असं तर झालं नसणार. लोक कॅलेंडर बघून खरेदी करत होते. डीलरचा अख्खा धंदा दोन-तीन महिन्यांत कोंबला गेला, डिलिव्हरी यार्डात उभं राहायला जागा नाही आणि नंतर चार महिने माशा मारत बसायचं. कारखान्याला असं चालवता येत नाही. शिफ्ट, सुटे भाग, बॅटरीचे करार हे सगळं वर्षभर आधी ठरतं.

याच कारणाने २०२४ ची सगळ्यात गाजलेली हेडलाइन, ऑगस्टमध्ये विक्री ६९ टक्क्यांनी कोसळली, ती अर्धी फसवी होती. २७ हजार गाड्या गेल्या त्या महिन्यात, हे कमीच, पण तुलना कशाशी तर आदल्या ऑगस्टच्या त्या ८६ हजारांशी, जो स्वतःच कृत्रिम फुगा होता. अख्ख्या वर्षाचं बघितलं तर ५ लाख २४ हजारांवरून ३ लाख ८१ हजार, एकूण नव्या गाड्यांतला हिस्सा १८.४ वरून १३.५ टक्के. घसरण खरी आहे, पण लोकांनी मागच्याच वर्षी आधी उरकून टाकलेली खरेदी हिशोबात धरली तर जेवढी ओरड झाली तेवढी मोठी नाही. तरी तिचा परिणाम मात्र मोठा झाला. सेकंडहँड इलेक्ट्रिक गाडीचे भाव घसरले, लीज कंपन्यांना तीन वर्षांनी गाडीचे किती येतील ते सांगता येईना, म्हणून त्यांनी हप्ते वाढवले, आणि त्या हप्त्याकडे बघून आणखी चार लोक पेट्रोल गाडीकडे वळले.

चार्जरच्या बाबतीतही हाच तमाशा. घरी चार्जर लावायला सरकार ९०० युरो द्यायचं, नोव्हेंबर २०२० ला सुरू, वर्षभरात पैसे संपले. मग सप्टेंबर २०२३ ला नवीन योजना आली, सोलर पॅनल, बॅटरी आणि चार्जर एकत्र लावला तर १०,२०० युरोपर्यंत. ३०० दशलक्ष युरो ठेवलेले, अर्ज उघडले आणि एका दिवसात संपले, ३३ हजारांच्या आसपास लोकांना मिळाले. पुढच्या वर्षासाठी आणखी २०० दशलक्ष ठेवू म्हणाले होते, ते बजेटच्या भानगडीत गेले. अट काय होती तर स्वतःचं घर हवं आणि इलेक्ट्रिक गाडी आधीच असावी किंवा बुक केलेली असावी. ज्याच्याकडे घर, छप्पर आणि गाडी तिन्ही आहे त्याला दहा हजार, आणि भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहून रस्त्यावर गाडी लावणाऱ्याने पब्लिक चार्जरवर घरच्यापेक्षा महाग वीज घ्यायची. हे धोरण ज्याने लिहिलं त्याला नक्की कोणाची गाडी बदलायची होती देव जाणे.

इथपर्यंत वाचून वाटेल की हा लेख बाजारवाल्यांच्या बाजूने चाललाय. थांबा, २०२५ येऊ दे.

जानेवारी २०२५ मध्ये साडेचौतीस हजार इलेक्ट्रिक गाड्या रजिस्टर झाल्या, आदल्या जानेवारीच्या दीडपट. वर्षाअखेर ५ लाख ४५ हजार, हिस्सा १९ टक्क्यांच्या थोडा वर. नव्या गाड्यांचा एकूण बाजार जिथल्या तिथे, साडेअठ्ठावीस लाखांच्या आसपास. ग्राहकाला बोनस शून्य. बाजारवाले ज्याला पुरावा म्हणतात तो हाच.

पण त्या जानेवारीत नक्की काय बदललं होतं? १ जानेवारी २०२५ पासून युरोपियन युनियनची उत्सर्जन मर्यादा आणखी १५ टक्क्यांनी खाली आली, नव्या मोजणीप्रमाणे प्रति किलोमीटर ९३.६ ग्रॅम (मोजायची पद्धतच बदलली, म्हणून जुन्या ९५ शी थेट तुलना होत नाही). ही मर्यादा एकेका गाडीला लागू नाही, कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या सरासरीला लागू आहे, आणि ओलांडली तर प्रत्येक ग्रॅममागे प्रत्येक गाडीला ९५ युरो दंड. ऐकायला ९५ युरो किरकोळ वाटतात. वर्षाला १० लाख गाड्या विकणारी कंपनी ५ ग्रॅमने चुकली तर साडेसत्तेचाळीस कोटी युरो होतात. एवढा दंड समोर दिसत असेल तर कंपनी काय करेल, स्वस्त इलेक्ट्रिक मॉडेल काढेल, असलेल्यावर डिस्काउंट देईल, सेल्समनला इलेक्ट्रिकवर जास्त इन्सेन्टिव्ह देईल, पेट्रोल गाडीची किंमत थोडी चढवून त्यातून इलेक्ट्रिकचा तोटा भरून काढेल. आणि तसंच झालं. २३,३०० युरोपासून सुरू होणारी सिट्रोएन ई-सी३ आली, रेनो ५ आली, स्कोडा एलरोक आली. लहान आणि मधल्या गटातल्या ज्या गाड्यांची लोक पाच वर्षं वाट बघत होते त्या नेमक्या याच सुमारास शोरूममध्ये लागल्या. योगायोग नाही हो, या मर्यादेची तारीख सहा वर्षं आधी, २०१९ मध्येच कायद्यात लिहिलेली होती.

आणि मधली वर्षं बघा. २०२१ ते २०२४ मर्यादा सपाट होती, दरवर्षी घटत नव्हती, एकदम पाच वर्षांनी पायरी. त्यामुळे २०२४ मध्ये कंपन्यांना जास्तीच्या इलेक्ट्रिक गाड्या विकायची काही घाईच नव्हती, उलट २०२५ साठी हातात ठेवणं फायद्याचं. म्हणजे २०२४ ची घसरण सगळी बोनसच्या नावावर टाकणंही बरोबर नाही. पायरीचा कायदा असला की कंपन्या पायरीच्या कडेपर्यंत आरामात बसतात. दरवर्षी थोडी थोडी उतरणारी मर्यादा असती तर हे कमी झालं असतं असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट टॅक्सची. जर्मनीत नव्या गाड्यांपैकी साधारण दोन तृतीयांश कंपन्यांच्या नावावर लागतात, म्हणून खासगी ग्राहकाच्या बोनसबद्दल जेवढं बोललं जातं त्यापेक्षा कंपनी-गाडीचा टॅक्स जास्त महत्त्वाचा आहे. कर्मचाऱ्याला गाडी खासगी वापरालाही मिळाली की गाडीच्या लिस्ट प्राइसच्या १ टक्का रक्कम दर महिन्याला त्याच्या करपात्र पगारात धरतात. इलेक्ट्रिकला फक्त पाव टक्का. ५० हजारांच्या पेट्रोल गाडीवर महिन्याला ५०० युरो पगारात वाढतात, त्याच किमतीच्या इलेक्ट्रिकवर १२५. दर महिन्याला, पगाराच्या स्लिपवर. ही सवलत डिसेंबर २०२३ च्या त्या रविवारी कोणी काढली नाही, उलट तिची किमतीची मर्यादा वाढवत वाढवत जुलै २०२५ मध्ये १ लाख युरोवर नेली, आणि त्याच महिन्यापासून कंपन्यांना इलेक्ट्रिक गाडीच्या किमतीतला ७५ टक्के भाग पहिल्याच वर्षी घसारा म्हणून दाखवायची मुभा दिली. मग २०२५ ला "सबसिडीशिवाय" म्हणणं जरा धाडसाचंच. रोख गेली, टॅक्समधून चालूच राहिलं. लाखाच्या गाडीत फिरणाऱ्या मॅनेजरला हे कशासाठी हवंय हा वेगळा प्रश्न.

तरी बाजाराचं श्रेय काढून घ्यायचं नाहीये. बॅटरी खरंच स्वस्त झाली, ब्लूमबर्ग एनईएफ या ऊर्जा क्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या पाहणीत २०२४ मध्ये जगभरातली सरासरी बॅटरी पॅकची किंमत किलोवॅट-तासाला ११५ डॉलरवर आली, पंधरा वर्षांपूर्वी ती हजाराच्या वर होती. ही स्पर्धेने झालेली गोष्ट आहे, कुठल्या जीआरने नाही. पण त्या स्पर्धेचं मैदान कोणी तयार केलं तर चीनच्या सरकारने, दहा-बारा वर्षं पैसे ओतून. असं कितीही मागे गेलं तरी कुठेतरी एक सरकार सापडतंच.

मला "बाजारावर सोडा" या म्हणण्यात खटकतं ते हे की पेट्रोल-डिझेलचा बाजार मोकळा आहे असं गृहीत धरलं जातं. जर्मनीत पेट्रोलवर लिटरमागे साडेपासष्ट सेंट इंधन कर आहे आणि डिझेलवर ४७. ही डिझेलला वर्षानुवर्षं चालू असलेली सवलतच आहे, तिला कोणी सबसिडी म्हणत नाही आणि तिला कधी रविवारी मध्यरात्रीची डेडलाइन लागत नाही. दुसऱ्या बाजूला इंधनातून निघणाऱ्या कार्बनवर सरकार जो दर लावतं तो जानेवारी २०२४ मध्ये टनाला ३० वरून ४५ युरो केला, म्हणजे पेट्रोलच्या लिटरमागे जेमतेम ४ सेंटची वाढ. इलेक्ट्रिक घेणाऱ्याचे साडेचार हजार एका रात्रीत गेले आणि पेट्रोल वापरणाऱ्याला लिटरमागे ४ सेंट लागले. बाजाराला सिग्नल द्यायचाच होता तर हा कुठल्या दिशेचा सिग्नल झाला?

आणि सरकारं स्वतःशीच कशी भांडतात त्याचं उदाहरण म्हणजे ऑक्टोबर २०२४. युरोपियन युनियनने चीनमध्ये बनलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांवर नेहमीच्या १० टक्के ड्युटीच्या वर आणखी ड्युटी लावली, बीवायडी या चिनी कंपनीला १७ टक्के, एसएआयसी या दुसरीला ३५.३ टक्के. जर्मनीने याच्या विरोधात मत दिलं, कारण जर्मन कंपन्यांचा चीनमधला धंदा अडचणीत येईल ही भीती. म्हणजे ब्रसेल्सला इलेक्ट्रिक गाड्या हव्यात पण स्वस्तातल्या नकोत, आणि बर्लिनला ड्युटी नको पण स्वस्त गाडीसाठी नव्हे, आपल्या निर्यातीसाठी. ग्राहक यात कुठेच नाही.

हाबेक यांच्याकडे त्या डिसेंबरमध्ये दुसरा रस्ता होता का? पैसे नव्हते हे खरं, कोर्टापुढे कोणाचं चालत नाही. पण १६ तारखेच्या आधी सही झालेला खरेदी करार दाखवेल त्याला बोनस, आणि त्यानंतरच्या नव्या करारांना नाही, एवढं करता आलं असतं. यादी मर्यादित राहिली असती, खर्चाचा अंदाज बांधता आला असता, गरज पडली तर रक्कम निम्मी करून. गेलेल्या पैशांपेक्षा शब्द गेला हे जास्त महाग पडलं. चीनने हेच वेगळ्या पद्धतीने केलं. २०१९ मध्ये तिथेही सबसिडी एकदम मोठी कापली होती आणि तिथेही विक्री आपटलीच, मग त्यांनी शहाणं होऊन २०२० मध्ये पुढच्या तीन वर्षांचं वेळापत्रक जाहीर केलं, १०, २०, ३० टक्के घट आणि २०२२ अखेर बंद. बंद झाल्यावर पुढच्या वर्षी विक्री, प्लग-इन हायब्रिड धरून, ६९ लाखांवरून ९५ लाखांवर गेली. खरेदी करातली सूट मात्र त्यांनी चालू ठेवली होती, हेही सांगायला हवं, नाहीतर परत अर्धीच गोष्ट. नॉर्वेने तर रोख दिलीच नाही, पेट्रोल गाडीवर जबर टॅक्स आणि इलेक्ट्रिकला माफी, १९९० पासून टप्प्याटप्प्याने, आणि २०२५ मध्ये नव्या गाड्यांत जवळपास ९६ टक्के इलेक्ट्रिक. तिथे स्वतःची गाड्यांची इंडस्ट्री नाही त्यामुळे विरोध करायला कोणी नव्हतं, जर्मनीला ते जमलं नसतं.

म्हणून माझं मत असं झालंय की सरकारने गाडी घेणाऱ्याच्या हातात पैसे ठेवण्यापेक्षा गाडी बनवणाऱ्याला तारीख आणि दंड सांगावा आणि ती तारीख पाळावी, मग कुठलं मॉडेल, कुठली बॅटरी, किती किंमत हे बाजार बघून घेतो आणि सरकारपेक्षा चांगलं बघतो. ज्याला खरंच परवडत नाही त्याच्यासाठी रोख मदत वेगळी ठेवावी, छोटी आणि नेमकी.

आता अडचण अशी आहे की तारीखही पाळली जात नाहीये. २०२५ ची मर्यादा एका वर्षात गाठायची होती, कंपन्यांनी आरडाओरडा केल्यावर मे २०२५ मध्ये ती २०२५ ते २०२७ अशी तीन वर्षांच्या सरासरीवर नेली. डिसेंबर २०२५ मध्ये युरोपियन कमिशनने नव्या गाड्यांच्या कार्बन उत्सर्जनातली २०३५ ची १०० टक्के कपात ९० टक्क्यांवर आणायचा प्रस्ताव मांडला, जर्मनीच्या दबावाचा त्यात मोठा हात आहे. ज्या कंपनीने खरंच हजारो कोटी लावून कारखाने बदलले तिला मूर्ख ठरवायचं आणि जी बसून राहिली तिला बक्षीस, असा याचा अर्थ निघतो.

आणि जानेवारी २०२६ मध्ये जर्मनीने परत सबसिडी जाहीर केली. ३ अब्ज युरो, अंदाजे ८ लाख गाड्या, कुटुंबाचं करपात्र उत्पन्न वर्षाला ८० हजारांपर्यंत असेल तरच, मुलं असतील तर मर्यादा थोडी वाढते, उत्पन्न आणि मुलं बघून १,५०० ते ६,००० युरो. गाडी तीन वर्षं ठेवायची अट आहे, म्हणजे डेन्मार्कचा रस्ता बंद केलाय. उत्पन्नाची अट आहे हेही चांगलं. प्लग-इन हायब्रिड मात्र परत आत घेतल्यात, केबल पिशवीतच राहणाऱ्या. आणि यातही हिशोबात धरली जाणारी तारीख गाडी रजिस्टर झाल्याची आहे, बुकिंगची नाही, त्यामुळे ३ अब्ज संपत आले की शेवटच्या महिन्यात बुक केलेल्यांचं काय करणार हा प्रश्न तिथल्या ग्राहकाने करारावर सही करायच्या आधीच डीलरला विचारून, उत्तर लेखी घेतलेलं बरं.